वीतभर लांबून नमस्कार

रविवार, १२ फेब्रुवारी १९५६, सकाळी दहा. हुंडा पाचशे एक रुपये, शिवाय मुलाला मनगटी घड्याळ. हजर: मुलाचे चुलते आबाराव, राहणार चाकण, कांद्याचे व्यापारी, मुलगा वसंत, पुण्याला पोस्टात कारकून, त्याची आई, आमच्याकडून मी, माझी पत्नी, तिचा भाऊ गोपाळ, आणि दाराआड जिचे लग्न ठरत होते ती आमची कुसुम. ठिकाण: चिंचवड गावातील आमच्या भाड्याच्या दोन खोल्या, पैकी पुढची.

लग्नाची यादी लिहून झाली. देणेघेणे, मानपान, कोणाला किती लुगडी, सारे दोन प्रतींत. सह्या झाल्या तेव्हा पावणेअकरा वाजले होते. अकराला मुलाकडची मंडळी न जेवता निघून गेली. कारण माझे पाय.

मी एकटा खुर्चीवर बसलो होतो. सतरंजीचा स्पर्श मला सोसत नव्हता. खाली सारे वडीलधारे आणि मुलीचा बाप वर, याचा मुलाच्या आईला राग आला होता, हे नंतर कळले. सह्या झाल्यावर वसंत उठला आणि रीतीप्रमाणे नमस्काराला वाकला. त्याची बोटे माझ्या डाव्या पावलाला लागली. मी किंचाळलो आणि पाय असा ओढून घेतला की माझा गुडघा त्याच्या कपाळावर बसला.

"पायांना हात लावू नका," मी म्हणालो. "कुणीच लावायचा नाही."

आबारावांनी तोंडाजवळ नेलेला विडा तबकात परत ठेवला.

"का हो? काय झालंय पायाला?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

"म्हणजे मला माहीत नाही. दोन डॉक्टर आणि एक वैद्य पाहून गेले, त्यांनाही माहीत नाही."

"किती दिवस झाले?"

"एकशे अकरा."

"दिवस मोजून ठेवलेत?" असे म्हणून त्यांनी माझ्या पावलांकडे पाहिले, मग पुतण्याच्या बोटांकडे पाहिले, आणि त्याला विहिरीवर हात धुवायला पाठवले. साबण मागून घेतला.

मंडळी गेल्यावर गोपाळ म्हणाला, "मुरगळला म्हणायचं, दाजी. एका शब्दाचं काम होतं."

"मुरगळला नव्हता."

"अहो, कुणाच्या बापाला कळलं असतं?"

चौथ्या दिवशी चाकणहून चिठ्ठी आली. 'तो रोग' नसल्याचा डॉक्टरी दाखला दाखवावा, त्याशिवाय पुढे बोलणे नाही. रोगाचे नाव लिहायची त्यांची छाती झाली नव्हती. मी लिहितो. महारोग. कुसुम एकोणीस वर्षांची होती. एकदा 'महारोग्याची मुलगी' असे नाव पडले की पुण्यापासून खेडपर्यंत तिला कोणी विचारणार नव्हते, आणि तिच्यापुरता तो निकाल माझ्या पायांवर लागणार होता.

आज तीन वर्षांनी हे लिहितो आहे ते ज्यांना दुखते पण दिसत नाही त्यांच्यासाठी. औषध सांगणार नाही. मला ते माहीत नाही, आणि ज्यांनी ज्यांनी मला ते सांगितले त्यांच्याबद्दल माझे मत पुढे येईलच.

सुरुवात

मी पिंपरीच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये कारकून आहे. १९५५ च्या दसऱ्याच्या सुमारास एक दिवस सायकलवरून कामावर जाताना डाव्या पोटरीला काहीतरी झोंबले. धोतरात सुरवंट शिरला असे वाटून मी रस्त्याकडेला उतरलो आणि धोतर झटकले. सुरवंट नव्हता. तीनदा पाहिले. पोटरीवर लाली नाही, पुरळ नाही, ओरखडा नाही. धोतराची किनार लागली की मात्र सुरवंटच फिरे.

तीन आठवड्यांत दोन्ही पाय गुडघ्यापासून खाली तसेच झाले. ज्याला हे झालेले नाही त्याला एक गोष्ट पटत नाही, म्हणून स्पष्ट लिहितो. पाय जोराने दाबला तर कमी दुखे. नुसता दोरा घासून गेला तर जास्त दुखे. पावलावर भार देऊन मी चालू शकत होतो, पण पावलावर माशी बसली तर डोळ्यांत पाणी येई. तळव्यांची आग होई, मेच्या दुपारी पत्र्यावर उभे राहावे तशी. आणि मधूनच नडगीच्या आतून कोणीतरी दाभण ओढत नेल्यासारखी कळ घोट्यापर्यंत जाई. वरून कातडी स्वच्छ. पाहणाऱ्याला दिसे तो एक धडधाकट सेहेचाळीस वर्षांचा माणूस, धोतर मांडीपर्यंत वर खोचून निर्लज्जासारखा बसलेला.

स्टोअरमध्ये प्रत्येक वस्तूचे एक कार्ड असते. आवक, जावक, शिल्लक. मी पायांचे तसे कार्ड केले. कोणती वेळ, कोणता पाय, कशाचा स्पर्श, किती मिनिटे.

"अहो, लिहिल्यानं दुखायचं थांबतं का?" पत्नीने विचारले.

"नाही."

"मग कशाला?"

"मग निदान मला स्वतःला तरी फसवता येत नाही."

जाणते लोक

दुखण्यापेक्षा दुखण्याविषयी जाणणारे लोक जास्त त्रासदायक असतात.

पहिले वैद्यबुवा. त्यांनी नाडी धरली, डोळे मिटले आणि वात आहे असे सांगितले. मी म्हटले, "हातसुद्धा लावता येत नाही, आपण मालिश सांगता आहात." ते म्हणाले, "म्हणूनच सांगतो आहे." गोपाळने आणि दोन शेजाऱ्यांनी मला धरले. मालिश तीन मिनिटे चालली. चौथ्या मिनिटाला माझी शुद्ध गेली. वैद्यबुवांनी तो वात सुटल्याचा पुरावा मानला आणि तसे गावात सांगितले.

दुसरे, कारखान्याचे डॉक्टर. त्यांनी माझे पाय टेबलाच्या पलीकडून पाहिले. खुर्चीवरून उठले नाहीत.

"त्वचा स्वच्छ आहे. घरी लग्नाची मुलगी आहे ना?"

"आहे."

"मग बरोबर. काळजी घेता तुम्ही. डोक्यातलं आहे सगळं."

"डोक्यातलं असतं तर टोपी टोचली असती, साहेब."

त्यांना हसू आले नाही. त्यांनी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. माझी झोप डोक्यामुळे नव्हे, चादरीमुळे जात होती, हे ऐकायला त्यांना वेळ नव्हता. पुढचा माणूस आत आलाच होता.

आणि तिसरे, भेटीला येणारे. त्यांनी केळी आणली आणि अक्कल आणली. प्रत्येकाला असा एक साडू किंवा आतेभाऊ होता ज्याला अगदी हेच झाले होते आणि जो आता पैलवानासारखा हिंडत होता. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत चौदा निरनिराळे उपाय सांगण्यात आले, आणि एकोणीस माणसांनी "इथं दुखतं का?" असे विचारून तिथे बोट खुपसले. एकोणीस हा आकडा कार्डावर आहे. दुखत असेल अशा माणसाला भेटायला जाल तेव्हा हात स्वतःजवळ ठेवा. केळी दाराशी ठेवली तरी चालतात.

इस्पितळातले अकरा दिवस

जानेवारीत मला पुण्यातल्या एका मोठ्या इस्पितळात ठेवले. खाट दाराजवळची. साडेपाचला ताप मोजणे, सहाला चहा, सातला झाडलोट, आठला दूधपाव. दहाला मोठे डॉक्टर आठ विद्यार्थी घेऊन येत. प्रत्येक विद्यार्थी माझ्या गुडघ्यावर छोटी हातोडी मारी आणि तळव्यावरून किल्ली ओढी. आठ विद्यार्थी, दोन तळवे, सोळा रेघा. तिसऱ्या दिवशी मी विचारले, "एकानं ओढली आणि बाकीच्यांनी पाहिलं तर चालणार नाही का?" मोठ्या डॉक्टरांनी विद्यार्थ्यांना इंग्रजीत सांगितले की रोगी चिडखोर आहे. त्यांना वाटले मला इंग्रजी येत नाही. मी पंधरा वर्षे इंग्रजीत मालाच्या पावत्या लिहितो आहे.

शेवटी त्यांनी न्यूरायटिस हा शब्द दिला.

"म्हणजे काय?"

"नसांना सूज."

"कशामुळे?"

"होते कधी कधी."

आता ज्याला 'होते कधी कधी' असे म्हणायचे असते त्याने ग्रीक भाषेत का म्हणावे, हे मला अजून कळलेले नाही.

पण त्या इस्पितळाबद्दल सगळे वाईट लिहिले तर ते खोटे होईल. तिथल्या एका सिस्टरबाई रोज सकाळी माझी चादर जमिनीवर पडलेली पाहत. चौथ्या दिवशी त्यांनी कुठूनसा लोखंडी कमानीचा सांगाडा आणला, माझ्या पायांवर उभा केला आणि चादर त्यावरून टाकली. चादर अंगावर होती आणि पायांना लागत नव्हती. एक शब्द न बोलता त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. सांगाडा इस्पितळाचा होता, तो तिथेच राहिला. घरी आल्यावर पत्नीने शेजारणीकडून कोंबड्या झाकायचे डालगे मागून आणले आणि ते पायांवर ठेवून वरून पांघरूण घालायला सुरुवात केली. गल्लीतली पोरे विचारत, "अण्णा, अंडी किती?" मला त्यांचा राग आला नाही. ती निदान बोट खुपसत नव्हती.

आणि भीती. ती लपवली तर या लिहिण्याला अर्थ नाही. महारोगाची शंका आबारावांच्या आधी मलाच आली होती. त्या रोगात कातडी बधिर होते एवढे मला ऐकून ठाऊक होते. म्हणून रोज सकाळी न्हाणीत कडी लावून मी दोन्ही पायांना सेफ्टी पिन टोचून पाहत असे. दुखले की बरे वाटे. असा आनंद मी शत्रूलाही चिंतणार नाही. त्याच सुमारास मी माझा पाण्याचा तांब्या वेगळा, कोनाड्यात ठेवू लागलो. कोणाला कारण सांगितले नाही. आठ-दहा दिवसांनी पत्नीने तो तांब्या कोनाड्यातून काढला, भरला, माझ्यासमोर उभी राहून तोंड लावून सगळे पाणी प्याली, आणि तांब्या मांडणीवर इतरांत नेऊन ठेवला. त्यावर ती तेव्हा बोलली नाही आणि पुढेही कधी बोलली नाही.

सखाराम

चाकणची चिठ्ठी आली त्यानंतरच्या सोमवारी सखाराम परीट कपडे न्यायला आला. चिठ्ठीची बातमी गावात त्याच्या आधी पोचली होती. आमच्या गल्लीत दोन घरांनी कुसुमला हळदीकुंकवाला बोलावले नव्हते. सखाराम नेहमीसारखा उंबऱ्याशी उकिडवा बसला. बाकीचे माझ्या पायांकडे पाहत. तो माझ्या धोतराकडे पाहत होता.

"कंच्या जागी टोचतं, अण्णा? किनारीला का मधी?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी कार्ड काढले.

"मला वाचाया येत न्हाई. तुमी वाचा."

मी वाचले. तो मध्येच थांबवी. "ह्यो सोमवार का मंगळवार? मंगळवारीच धुतलेलं घालता तुमी." आणि, "जुन्या लुगड्याचं फडकं टाकलं तवा किती म्हनला? सात मिंटं? आन् नव्या धोतराला चाळीस?" शेवटी म्हणाला, "खळ घालतो मी तुमच्या धोतराला. कारकुनाचं धोतर म्हनून जरा जास्तच घालतो. चुकलं माजं."

मी म्हटले, "खळीनं रोग होत नाही, सखाराम."

"व्हत न्हाई. पर टोचत तर आसंल."

पुढच्या सोमवारी तो पाच फडकी घेऊन आला. "डोळं मिटा," म्हणाला. एकेक फडके दोन्ही टोकांनी धरून, स्वतःचा हात न लावता, तो माझ्या नडगीवर अलगद सोडी आणि मी सांगेपर्यंत ठेवी. पहिले मी लगेच काढायला लावले. दुसरेही. तिसरे त्याच्या वडिलांचे जुने मुंडासे होते, ते पाच मिनिटे सोसले. चौथे नाही. पाचवे अंगावर पडले आणि मी वाट पाहत बसलो.

"टाकलंस का?"

"कवाचं टाकलंय."

ते माझेच एक जुने धोतर होते. किनार कापलेली, खळ नाही, सोडा नाही, सावलीत वाळवलेले.

"सव्वीस पाणी दिलंय ह्येला," सखाराम म्हणाला.

"सव्वीसच का?"

"सत्ताविसाव्याला फाटलं आसतं."

दुखणे गेले नाही. कळा तशाच येत, तळवे तसेच जळत. पण त्या आठवड्यात मी धोतर घोट्यापर्यंत सोडून चार तास बसलो, आणि पुढच्या आठवड्यात कामावर गेलो. वैद्याला, दोन डॉक्टरांना आणि एकोणीस बोटांना जे जमले नाही ते नदीवर कपडे आपटणाऱ्या माणसाने केले, आणि त्याला त्यात विशेष काही वाटले नाही. त्याने मला रोगाचे नाव विचारले नाही. टोचते कुठे, एवढेच विचारले.

दाखला

दाखल्यासाठी मी पिंपरीच्या निर्वासितांच्या छावणीतले सिंधी डॉक्टर निवडले. कारण एवढेच की त्यांच्याविषयी 'हात लागताच गुण' असे कोणी सांगितलेले ऐकले नव्हते. बराकीच्या एका खोलीत ते बसत. फी दोन रुपये. मी विकतचा दाखला आणीन या संशयाने आबाराव चाकणहून एस.टी.ने स्वतः आले, आणि खोलीत शिरताना त्यांनी नाकाला रुमाल लावला.

"आप कौन?" डॉक्टरांनी विचारले.

"मैं लडकेवाला."

"बीमार कौन है?"

"ये."

"तो आप बाहर बैठिए."

"मेरेको समोर देखना है."

"देखिए. बोलिए मत. और रुमाल निकालिए, यहाँ बदबू नहीं है."

मला डोळे मिटायला सांगून त्यांनी कधी कापूस, कधी टाचणी पायाला लावली आणि काय लावले ते विचारले. चाळीस वेळा. मी एकदाही चुकलो नाही. कापसाला मी ओरडत होतो आणि टाचणीला नुसता सांगत होतो. मग मला खिडकीत उन्हात उभे करून त्यांनी पाठ, हात, कानाच्या पाळ्या निरखल्या, कोपर आणि गुडघ्यामागच्या नसा चाचपल्या. चाचपण्याआधी परवानगी मागितली. शेवटी माझे कार्ड घेऊन पंधरा मिनिटे वाचत बसले.

"उस बीमारी में चमड़ी सो जाती है," ते आबारावांना म्हणाले. "इनकी तो सोती ही नहीं. वह बीमारी नहीं है."

"तो कौनसी है?"

"मुझे मालूम नहीं."

"ऐसा कैसा? डॉक्टर है ना तुम?"

"डॉक्टर हूँ, इसलिए कह रहा हूँ." मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "नसों की तकलीफ है, इतना कह सकता हूँ. क्यों हुई, पता नहीं. शायद कम हो जाए. शायद न हो. यह लिखना मत छोड़िए."

त्या दिवशी मला पहिल्यांदा बरे वाटले. पायांना नव्हे. दाखल्यात त्यांनी दोन ओळी लिहिल्या: तो रोग नाही, कोणता आहे ते मला माहीत नाही. फी मी दिली.

बाहेर आल्यावर आबाराव म्हणाले, "'माहीत नाही' असं लिहिलेला कागद मी चाकणात कुणाच्या तोंडावर मारू, राव?"

"कुणाच्या मारायचा नाही. घडी करून खिशात ठेवायचा."

"बरं, तो रोग नाही. मान्य. पण काहीतरी आहेच की. उद्या पोरीला निघालं म्हणजे? जोखीम आमची. हुंडा एक हजार एक करा, मी भावजयीची समजूत काढतो."

"म्हणजे पाचशे रुपयांत तुमची भीती जाते?"

"रागावू नका. बाजाराची रीत सांगतो. कांद्याला आतून डागाची शंका असली की ढिगाचा भाव पाडूनच सौदा होतो."

यादीची माझी प्रत मी बरोबर आणली होती. तिच्या पाठीवर त्यांचे हे वाक्य जसेच्या तसे लिहिले, तारीख घातली, आणि खाली सही करा म्हणून टाक पुढे केला. त्यांनी सही केली नाही. एस.टी.ची वेळ झाल्याचे त्यांना आठवले. जिथे सही करायला माणूस लाजतो ते वाक्य त्याने बोलावे कशाला, एवढेच मी त्यांच्या पाठीला विचारले.

घरी मी दोन्ही गोष्टी सांगितल्या, दाखला आणि आकडा. पाचशे जास्त देणे मला अशक्य नव्हते. प्रॉव्हिडंट फंडातून काढता आले असते. पत्नी म्हणाली, "द्या. तिच्या नावावरचा डाग जाईल." मी म्हणालो, "दिले तर डाग होता असं ठरेल." आम्ही दोघे तीन दिवस एकमेकांशी बोललो नाही. लग्नानंतरच्या बावीस वर्षांत असे तीन दिवस दुसरे नाहीत. कुसुम स्वयंपाक करी आणि दोघांना वाढी.

घड्याळ

शनिवारी पुण्याहून संध्याकाळच्या गाडीने वसंत आला. एकटा. ओट्यावर, माझ्यापासून चांगला लांब बसला.

"त्या दिवशी फार दुखलं का?" त्याने विचारले.

त्यांच्या घरातले हा प्रश्न विचारणारे ते पहिले माणूस. मी कार्ड पाहून सांगितले, "दोन तास पन्नास मिनिटं. तुमच्या कपाळाला लागलं का?"

"टेंगूळ आलं होतं. काकांनी काय मागितलं ते मला कळलं."

"मग?"

"काका मोठे आहेत."

हे सांगायला तो तिकीट काढून आला होता. मी आत जायला उठणार, तेवढ्यात कुसुम चहा घेऊन बाहेर आली. कप ठेवून परत गेली नाही. उंबऱ्यावर उभी राहिली.

"काका एक हजार एक मागतात," ती म्हणाली. "तुम्ही किती मागता?"

पत्नीने आतून "कुसुम" म्हणून हाक मारली. ती हलली नाही. चहावर साय धरली.

"मला घड्याळ हवं होतं," तो शेवटी म्हणाला.

"कशाला?"

"पोस्टात सगळ्यांना आहे."

"पोस्टात भिंतीवर नाही का?"

"आहे."

"बंद असतं?"

"नाही, चालतं."

"मग?"

तो हसला. हसताना बरा दिसला. "नको मग."

"आणि पाचशे एक?"

"तेही नको."

"काकांना काय सांगाल?"

त्याने चहावरची साय बोटाने बाजूला केली. "ते मला अजून माहीत नाही," म्हणाला.

मी परत बसलो. सहा महिन्यांत ज्यांना सगळे माहीत होते त्यांनी मला काय काय केले ते वर लिहिले आहे. माहीत नाही असे म्हणणारी तीनच माणसे मला भेटली होती. एक मी, दुसरे छावणीतले डॉक्टर, आणि आता हा.

निघताना तो माझ्यासमोर आला. खाली बसला, दोन्ही तळहात माझ्या पावलांपासून वीतभर लांब जमिनीवर टेकले, आणि त्यावर डोके ठेवले. हे त्याला कोणी शिकवले नव्हते.

पायघड्या

लग्न मे महिन्यात झाले. काकांना त्याने काय सांगितले ते मला आजही ठाऊक नाही. आबाराव आले, पहिल्या पंगतीला बसले, नऊ जिलब्या खाल्ल्या आणि साखर जास्त झाल्याचे बोलून दाखवले. वैद्यबुवाही आले होते. त्यांनी चार जणांना सांगितले की मालिशचा गुण जरा उशिरा आला.

वरपक्ष मांडवात येतो तेव्हा परटाने पायघड्या अंथरायच्या आणि त्यांनी त्यावरून चालत यायचे, अशी आमच्याकडे रीत आहे. सखारामने त्या अंथरल्या. आबाराव त्यावरून जोड्यासकट गेले. सगळे आत गेल्यावर सखारामने त्या गुंडाळल्या आणि बगलेतून दुसरे एक कापड काढले. मांडवात गालिचे होते, बाहेर खडी होती, आणि मी दाराशी उभा राहून आत कसे जायचे याचा हिशेब करत होतो. त्याने ते कापड माझ्या पावलांपासून बोहल्यापर्यंत सोडले. जुनी धोतरे उभी जोडली होती, शिवण खालच्या बाजूला घेऊन.

"मुलीच्या बापाला पायघड्या नसतात, सखाराम," मी म्हटले.

"नसत्यात. चला, मुहूर्त जातोय."

एकतीस पावले होती. दोन दुखली.

निघताना कुसुम नमस्काराला वाकली आणि वीतभर लांब तळहात टेकून राहिली. उठायला तिने वेळ लावला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्या हातांना काही झालेले नाही.

पाय अजून पूर्ण बरे नाहीत. पूर्वी दिवसाला सहा-सात तास दुखत, आता आठवड्याला तीन. का झाले ते कळले नाही आणि का कमी झाले तेही कळले नाही. कार्ड चालू आहे. गोपाळ अजून म्हणतो, मुरगळला म्हणायला हवे होते.

हुंडा: दिला नाही. घड्याळ: दिले नाही. पायघड्यांबद्दल सखाराम परीट यास रोख अकरा रुपये. त्याने पाच मागितले होते.